पहाटे साडेपाचचा भोंगा

गोव्यातल्या कुठल्याही वाड्यावर नीट उजाडायच्या आधी पोदेर, म्हणजे पाववाला, येतो. सायकलच्या मागे निळ्या प्लॅस्टिकने झाकलेली टोपली, तीत उंडे, पोई, कांकणं असे पाव, आणि हँडलला रबरी फुग्याचा भोंगा. पोंय पोंय ऐकू आलं की घरातलं कुणीतरी पिशवी घेऊन फाटकाशी जातं. हा आवाज इतका अंगवळणी पडलेला आहे की त्याला कायद्याच्या पुस्तकात जागा असेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

पण जागा आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्र म्हणजे दहा ते पहाटेचे सहा. याच नियमांतलं ५-अ म्हणतं की निवासी भागात रात्री हॉर्न वाजवायचा नाही. अपवाद फक्त सार्वजनिक आणीबाणीचा. कुठला हॉर्न, केवढा, कशाला, याचा भेद तिथे केलेला नाही. म्हणजे साडेपाचला वाजलेला पोदेराचा भोंगा अक्षरशः पाहिलं तर नियमभंग ठरतो. हे नियम १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे. त्यांच्या उल्लंघनाला पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. एप्रिल २०२४ पासून कैद गेली आणि तिच्या जागी दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंतचा दंड आला.

पोदेराला कुणी अडवत नाही, आणि अडवूही नये. मात्र तो का अडवला जात नाही, हे नीट पाहायला हवं. त्याला भोंगा वाजवण्याचा हक्क आहे म्हणून नव्हे. कुणी तक्रार केली नाही आणि केली असती तरी कुणी दखल घेतली नसती, म्हणून. उद्या शेजारच्या नव्या इमारतीतल्या एखाद्याची झोप मोडली आणि त्याने पोलीस ठाण्यात अर्ज दिला, तर पोदेराकडे दाखवायला काहीही नाही. त्याचा धंदा चालतो तो मेहेरनजरेवर. सार्वजनिक जीवनातली किती कृत्यं आज अशीच मेहेरनजरेवर चालली आहेत, याची मोजदाद केली तर जीव दडपतो.

गोमंतकीयांना हे नवं नाही. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात सभेला परवाना लागे आणि छापील मजकुराला सेन्सॉरची मोहर. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहिया आणि डॉ. जुलियांव मिनेझिस यांनी बंदी झुगारून सभा घेतली, ती भर पावसात, आणि तिथेच त्यांना अटक झाली. त्या मैदानाला आज लोहियांचं नाव आहे आणि पणजीच्या एका मुख्य रस्त्याला त्या तारखेचं. १७ फेब्रुवारी १९५४ ला म्हापशात एका मेजवानीत गोवा म्हणजे पोर्तुगालच असं विधान झालं, तेव्हा डॉ. पुंडलिक गायतोंडे एवढंच म्हणाले की मी याचा निषेध करतो. तेवढ्यावर त्यांना पकडून पोर्तुगालला पाठवण्यात आलं. आजची तुलना त्या दिवसांशी करणं खोटं होईल. आज न्यायालय आहे, माहितीचा अधिकार आहे, निवडणूक आहे. पण परवानगी मागण्याची सवय, आणि परवानगी दिली म्हणजे उपकार केले ही टेबलापलीकडची भावना, या दोन्ही राजवट बदलली म्हणून आपोआप जात नाहीत.

रात्री दहाच्या नियमाचंच घ्या. तो वाईट हेतूने आलेला नाही, हे आधी मान्य केलं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ ला ध्वनिप्रदूषणावर जो मोठा निकाल दिला, त्या याचिकेच्या मुळाशी एका अल्पवयीन मुलीवरचा अत्याचार होता. शेजारी लाउडस्पीकर इतका मोठा होता की तिच्या किंकाळ्या कुणाला ऐकू गेल्या नाहीत. २०१२ मध्ये रामलीला मैदान प्रकरणात याच न्यायालयाने झोप हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. हणजूण-वागातोरच्या किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना विचारा. पहाटेपर्यंत खिडकीच्या काचा थरथरत असतील तर ज्याचं स्वातंत्र्य हिरावलं जातं तो उशीवर डोकं टेकलेला माणूस असतो. तेव्हा प्रश्न नियम असावा की नसावा हा नाहीच. तो किती रुंद असावा, हा आहे.

२०१० मध्ये हा नियम आणखी रुंद झाला. त्याआधी रात्रीची बंदी लाउडस्पीकर आणि ध्वनिक्षेपण यंत्रणेला होती. दुरुस्तीनंतर तीत आवाज करणारं कुठलंही साधन आणि वाद्यही आलं. सवलत, आणीबाणी सोडली तर, फक्त बंदिस्त जागेला: सभागृह, परिषदेची खोली, समाजमंदिर, मेजवानीचा हॉल. देवळाचा सभामंडप तीन बाजूंनी उघडा असतो. तिथे मध्यरात्री पखवाज आणि पेटी घेऊन, एकही स्पीकर न लावता, भजन चाललं असेल तर ते बंदिस्त जागेत आहे की उघड्यावर? नियमाचा मजकूर याचं स्पष्ट उत्तर देत नाही, म्हणून उत्तर द्यायचं काम त्या रात्री ड्युटीवर असलेल्या हवालदारावर येतं. वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालतं, सव्वाशे वर्षांची ती परंपरा आहे. दहाच्या काट्याशी तिचं गणित मुळातच जुळत नाही. जत्रेतल्या नाटकाचंही तेच. पालखी फिरून आल्यावर, अकराच्या पुढे पडदा वर जायचा आणि पहाटेच्या गार वाऱ्यात भैरवी व्हायची. आता सवलत मिळते ती वर्षाला सर्व मिळून पंधरा दिवस, आणि तीही मध्यरात्री बारापर्यंतच. हे दिवस राज्य सरकारने किंवा त्याने अधिकार दिलेल्या जिल्हा प्रशासनाने आधी जाहीर करायचे असतात. कार्तिक ते चैत्र गोव्यात जत्रा संपत नाहीत, आणि त्यातच शिगम्याची, म्हणजे इथल्या होळीच्या सणाची, रोमटं, ढोलताशांच्या मिरवणुका. पंधरा दिवस कुणाकुणाला पुरणार?

ज्यांना नियमात राहून कार्यक्रम करायचा आहे त्यांनी डेसिबलचं गणित समजून घेणं फार उपयोगाचं आहे, कारण बहुतेक ठिकाणी तक्रार होते ती ध्वनियोजना चुकल्यामुळे. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागाची ६५ आणि ५५, शांतता क्षेत्राची ५० आणि ४०. शांतता क्षेत्र म्हणजे इस्पितळ, शिक्षणसंस्था आणि न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा, सरकारने तसा जाहीर केलेला भाग. सार्वजनिक जागेत स्पीकर लावला तर जागेच्या हद्दीवर मोजलेला आवाज या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त चालतो, पण ७५ च्या वर कधीही नाही. म्हणजे निवासी वाड्यावर संध्याकाळी हद्दीवर ६५ मिळतात. आता उघड्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. मीटरभरावर १०० डेसिबल देणारा एक स्पीकर ५० मीटरवर साधारण ६६ देतो, आणि तसाच दुसरा शेजारी ठेवला की आणखी ३ वाढतात. रंगमंचाच्या दोन बाजूंना दोन मोठे खांब उभे करून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची जी पद्धत आहे, ती इथेच नियमाबाहेर जाते. त्याऐवजी प्रेक्षकांमध्ये चार लहान स्पीकर, प्रत्येक मीटरभरावर ८५ चा, डोक्याच्या थोडे वर आणि तोंड खाली वळवून लावले, तर ५० मीटरवर चौघांचे मिळून सुमारे ५७ भरतात, आणि शेवटच्या खुर्चीवरच्या आजीलाही शब्द स्पष्ट कळतो. झाडावर किंवा देवळाच्या शिखराजवळ भोंगा बांधणं तर टाळावंच. उंचावरून निघालेला आवाज घरांच्या भिंती ओलांडून थेट पलीकडच्या वाड्यावर जातो.

आणि एक हिशेब मनाला लागणारा आहे. सवयीचा नट मोठ्याने बोलला तर मीटरभरावर सुमारे ७५ डेसिबल होतात. ३२ मीटरवर ते ४५ वर येतात, म्हणजे निवासी भागातल्या रात्रीच्या मर्यादेइतके. स्पीकर यायच्या आधीचं जत्रेतलं नाटक, नुसत्या गळ्यावर चाललेलं, आजच्या आकड्यात रात्रभर बसलं असतं. बसली नसती ती त्याची पेटी आणि तबला, कारण वाद्याला रात्री आकड्याची मुभाच नाही, सरसकट बंदी आहे. आकड्याने नियमन करायचं ठरवलं असताना वस्तूवरच बंदी घालायची, हा या नियमातला दोष आहे असं मला ठामपणे वाटतं.

परवानगीच्या अर्जात काय लिहावं? जागेचा सर्व्हे क्रमांक आणि हद्दीचा साधा नकाशा, जवळच्या शाळेपासून व इस्पितळापासूनचं अंतर मीटरमध्ये, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, स्पीकर किती आणि कुठल्या दिशेला, आणि आवाज कमी करण्याचा अधिकार असलेल्या एका माणसाचं नाव व फोन. जागा खाजगी असेल तर मालकाची संमती. अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. बहुतेक घोळ इथेच होतो. तोंडी ‘होऊन जाईल’ ऐकून लोक परततात, परवानगी कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी हातात पडते, आणि तिच्यात एक अट असते: पोलिसांनी वेळोवेळी दिलेल्या सूचना पाळाव्या लागतील. ही अट म्हणजे कोऱ्या कागदावरची सही. कुठल्या सूचना, हे आधी लेखी मागावं. नकार असेल तर तोही कारणासह लेखी मागावा, आणि तो अशा दिवशी मिळावा की वरच्या अधिकाऱ्याकडे जायला वेळ उरेल. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९७२ मध्ये हिंमतलाल शहा प्रकरणात अहमदाबादच्या पोलीस आयुक्तांचा नियम रद्द केला, तो याच कारणाने: सार्वजनिक रस्त्यावरच्या सभेला आधी परवानगी हवी असं नियम सांगत होता, पण ती कुठल्या निकषावर द्यायची किंवा नाकारायची हे सांगत नव्हता. रस्त्यावर सभेचं नियमन करता येतं. निकषाशिवाय ती कुणाच्या मर्जीवर सोडता येत नाही.

दुसरा मोठा विषय मनाई आदेशाचा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १४४ सगळ्यांना पाठ आहे. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालं. संचारबंदी आणि दंगल यांच्याशी त्याचं नाव जोडलेलं, पण गोव्यात ते कुठे भेटतं? भाडेकरूंची माहिती पोलिसांना द्या, या आदेशात. पावसाळ्यात धबधबे, नद्या आणि सोडून दिलेल्या चिरेखणींत (जांभ्या दगडाच्या खाणींत) उतरू नका, या आदेशात. म्हणजे दंग्यासाठी ठेवलेलं हत्यार रोजच्या घरकामाला वापरलं जातं.

चिरेखणीचं उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे, कारण तिथला धोका खरा आहे. दर पावसाळ्यात मुलं बुडतात. चिरा यंत्राने उभा कापला जातो, म्हणून खणीच्या भिंती सरळसोट असतात. तळ्याला असतो तसा उतार नाही, पाय टेकायला पायरी नाही, ओल्या चिऱ्यावर शेवाळ, गढूळ पाण्यात खोली दिसत नाही आणि तळाशी चिखल. चांगल्या पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही, कारण धरायला काठच नसतो. हे सगळं माहीत असताना उपाय काय असायला हवा? खोदकाम संपलं की खण बुजवणं किंवा निदान एक बाजू उतरती करणं, भोवती कुंपण, काठावर दोर आणि टायर. हे सगळं खणीच्या मालकाने करायचं आणि सरकारने करून घ्यायचं काम आहे. मनाई आदेशाने काय होतं? मुख्य जबाबदारी सरकून पाण्यात उतरणाऱ्या पोरावर येते. आदेश काढायला एक कागद लागतो. खण बुजवायला शेकडो ट्रक माती. कागद स्वस्त म्हणून तो निघतो, आणि तोच आदेश, नीट बेतला नाही तर, संजांवच्या ख्रिस्ती सणाला गावच्या व्हाळात (ओढ्यात) उडी मारणाऱ्यालाही लागू होतो, जिथे पिढ्यान्‌पिढ्या लोकांना पाण्याची खोली वीतभर चुकत नाही.

१६३ चा आदेश हातात आला की तो वाचायचा कसा, हे प्रत्येक पंचायतीत कुणाला तरी यायला हवं. आदेश लेखी हवा आणि त्यात ज्या घटनांमुळे तो काढला त्या लिहिलेल्या हव्यात. ‘शांतता भंग होण्याची शक्यता आहे’ एवढं पुरत नाही. तो कुणाला उद्देशून आहे ते पाहावं: एका व्यक्तीला, एका जागी राहणाऱ्यांना, की विशिष्ट ठिकाणी येणाऱ्या सर्वांना. सर्वांना असेल तर ठिकाण नेमकं सांगितलेलं असावं. मुदत दोन महिने, त्याहून एक दिवस जास्त नाही. पुढे वाढवण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांना नाही, फक्त राज्य सरकारला, तोही जास्तीत जास्त आणखी सहा महिने, आणि कारणही मर्यादित: जीविताला, आरोग्याला वा सुरक्षिततेला धोका, किंवा दंगा. ज्याला आदेशाचा जाच होतो त्याला उपकलम ५ खाली तो रद्द करण्यासाठी किंवा बदलण्यासाठी अर्ज करता येतो. अर्जदाराला लवकर म्हणणं मांडू द्यावं लागतं आणि अर्ज फेटाळला तर कारणं लेखी द्यावी लागतात. ही वाट फार थोडे लोक चालतात, आणि ती बिनखर्चाची आहे, वकील नसला तरी चालते.

शिक्षेबद्दल गैरसमज खूप. जुन्या दंडविधानाच्या कलम १८८ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या २२३ ने घेतली आणि शिक्षा वाढली: पूर्वी साध्या प्रकरणात एक महिना कैद किंवा दोनशे रुपये दंड होता, आता सहा महिने किंवा अडीच हजार, जीविताला धोका वा दंग्याची भीती असेल तर एक वर्ष किंवा पाच हजार. पण नुसता आदेश मोडला म्हणून गुन्हा होत नाही. आदेश माहीत असायला हवा, आणि तो मोडल्याने अडथळा, उपद्रव, इजा किंवा तसा धोका व्हायला हवा. शिवाय न्यायालय याची दखल घेतं ती संबंधित अधिकाऱ्याने किंवा त्याच्या वरिष्ठाने लेखी तक्रार केल्यावर. काठावर उभ्या असलेल्या शिपायाने २२३ च्या नावाने जागेवर पैसे मागितले, तर ते कायद्यात बसत नाही.

मनाई आदेशाच्या जुन्या १४४ ची गोव्याशी जुळणारी एक गाठ आहे. १९५५ च्या सत्याग्रहात समाजवादी नेते मधू लिमये गोव्यात आले, पोर्तुगीज लष्करी न्यायालयाने त्यांना बारा वर्षांची शिक्षा दिली आणि १९५७ मध्ये ते सुटले. पुढे स्वतंत्र भारतात, बिहारमध्ये त्यांच्यावर झालेल्या कारवाईतून १४४ ची वैधता सर्वोच्च न्यायालयापुढे गेली. १९७० मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने कलम टिकवलं, पण ते निकडीच्या वेळीच वापरायचं असं बजावून. १९८३ मध्ये न्यायालयाने पुन्हा सांगितलं की एकामागून एक आदेश काढून त्याला कायमचं रूप देता येणार नाही. १० जानेवारी २०२० ला, काश्मीरच्या संदर्भात, अनुराधा भसीन प्रकरणात तिसऱ्यांदा: आदेश प्रसिद्ध करा, कारणं लिहा, कमीत कमी जाच होईल असा उपाय निवडा, तेच ते आदेश काढणं हा अधिकाराचा दुरुपयोग आहे. पावसाळा दरवर्षी येतो. दरवर्षी ठरल्या वेळी येणारी गोष्ट निकड नसते. तिच्यासाठी विधानसभेत चर्चा होऊन केलेला कायदा हवा, ज्यात मालकाच्या कुंपणाचंही कलम असेल.

कायदा केला म्हणजे सगळं आपोआप नीट होतं असंही नाही. पर्यटनस्थळांच्या २००१ च्या कायद्यात २०१९ मध्ये उघड्यावर दारू पिणं, स्वयंपाक करणं, बाटल्या फोडणं यांना दंड आला: तेव्हा एकट्याला दोन हजार, गटाला दहा हजार. किनाऱ्यावर काचांनी कापलेले पाय पाहिले की त्यातल्या बाटल्यांच्या कलमाला हात जोडावेसे वाटतात. पण नदीकाठी चूल मांडून भात शिजवणारं कुटुंब आणि वाळूत बाटली फोडणारा, यांना एकाच ओळीत बसवणं मला पटत नाही. पहिल्याने राख उचलून नेली की काही उरत नाही. दुसऱ्याने केलेलं नुकसान वाळूत वर्षानुवर्षं राहतं.

नियमांशिवाय सार्वजनिक जागा कधीच नव्हती, हेही सांगायला हवं. गावचा मांड घ्या, म्हणजे उत्सवाच्या खेळांसाठी राखलेली मोकळी जागा. पौषात धालो, बायकांचा गाण्या-नाचाचा खेळ, खेळायला बायका रात्री मांडावर जमतात. मांड आधी सारवलेला असतो, नमन कुणी म्हणायचं ते ठरलेलं, पुरुषांनी त्या वेळी कुठे थांबायचं तेही ठरलेलं. शिगम्यात मेळ कुठल्या घरापासून निघणार यावरून गावात मानाचे तंटे होतात, कोर्टापर्यंत जातात. या रूढींनी अनेकांना मांडाच्या कडेला उभं ठेवलं, जात पाहून ठेवलं, आणि तो अन्याय संविधानाच्या बळावरच हटवता येतो. म्हणून जुनं ते गोड म्हणणाऱ्यांतला मी नाही. मात्र मांडाच्या नियमात एक गुण आहे: तो किती रात्रींचा, हे सगळ्या गावाला माहीत असतं. धालो पाच, सात किंवा नऊ रात्री. शेवटच्या रात्रीनंतर मांड पुन्हा मोकळा, त्यावर पोरं क्रिकेट खेळतात.

सरकारी आदेशाला ही शेवटची रात्र दिसत नाही. १ जूनचा आदेश जुलैअखेर संपतो, पण धबधब्याच्या वाटेवर ठोकलेला फलक सप्टेंबरात, डिसेंबरात, पुढच्या उन्हाळ्यातही तिथेच असतो: ‘प्रवेश निषिद्ध, आदेशावरून’. त्यावर आदेशाचा क्रमांक नाही, तारीख नाही, मुदत नाही. लोक तो वाचतात आणि मागे फिरतात. एखाद्या ग्रामसभेने एवढाच ठराव घेतला तरी पुष्कळ होईल: आपल्या हद्दीत जो मनाईचा फलक लागेल त्यावर कुठल्या कलमाखालचा आदेश, कुठल्या तारखेचा, कधी संपतो आणि हरकत कुणाकडे नोंदवायची, या चार ओळी असाव्यात; आणि मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी पंचायतीच्या माणसाने पाना घेऊन जावं आणि तो उतरवावा.